लुसिल बॉल : सहज हशामागची मेहनत

‘आय लव्ह लुसी’ ही मालिका १५ ऑक्टोबर १९५१ रोजी अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर सुरू झाली, तेव्हा तिची नायिका लुसिल बॉल चाळीस वर्षांच्या होत्या. त्याआधीची अठरा वर्षे त्यांनी हॉलिवूडमध्ये लहानमोठ्या भूमिका करण्यात घालवली होती. नाव होते, काम होते. पण मोठी नटी म्हणून कोणी त्यांच्याकडे पाहत नव्हते. पुढच्या सहा वर्षांत मात्र त्या अमेरिकेतल्या घराघरांत पोहोचल्या. त्यांच्या मालिकेसाठी शोधलेली चित्रीकरणाची पद्धत पुढे टीव्हीवरच्या विनोदी मालिकांची रूढ पद्धत झाली. एक असामान्य विनोदी अभिनेत्री आणि एका मोठ्या स्टुडिओची प्रमुख, अशी दुहेरी कारकीर्द त्यांच्या वाट्याला आली. या दोन्हींचा पाया एकच होता. हशा आपोआप पिकत नाही, तो तालमीतून आणि काटेकोर आखणीतून उभा करावा लागतो, हे त्यांनी फार लवकर ओळखले होते.

बालपण आणि पहिले अपयश

लुसिल डेझिरे बॉल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९११ रोजी न्यूयॉर्क राज्यातील जेम्सटाउन या गावी झाला. वडील हेन्री बॉल टेलिफोन कंपनीत तारा ओढण्याचे काम करत. १९१५ मध्ये विषमज्वराने त्यांचे निधन झाले, तेव्हा लुसिल साडेतीन वर्षांच्या होत्या आणि त्यांचा धाकटा भाऊ आईच्या पोटात होता. पुढे ही भावंडे जेम्सटाउनजवळच्या सेलोरॉन या गावी आजोळी वाढली. आजोबा फ्रेड हंट यांना नाटकांची आणि व्हॉडव्हिलची हौस होती. व्हॉडव्हिल म्हणजे गाणी, नकला, जादूचे प्रयोग आणि विनोदी प्रवेश एकापाठोपाठ एक सादर होणारा रंजनाचा कार्यक्रम. आजोबा नातवंडांना तो दाखवायला नेत. माणूस रंगमंचावर एकटा उभा राहतो आणि समोरच्या शेकडो लोकांना हसवतो, हे लुसिल यांनी प्रथम तिथे पाहिले.

१९२७ मध्ये घरावर मोठे संकट कोसळले. आजोबांच्या अंगणात मुले बंदुकीने नेमबाजीचा सराव करत असताना शेजारच्या एका मुलाला गोळी लागली आणि तो कायमचा अपंग झाला. त्यावरून झालेल्या खटल्यात कुटुंबाला राहते घर गमवावे लागले. लुसिल यांच्या मनावर या घटनेचा खोल परिणाम झाला.

त्याच सुमारास आईने त्यांना न्यूयॉर्क शहरातील एका नाट्यशाळेत घातले होते. पुढे हॉलिवूड गाजवणाऱ्या बेटी डेव्हिस तिथे शिकत होत्या आणि त्यांच्याकडे सर्वांचे लक्ष असे. लुसिल मात्र इतक्या बुजऱ्या होत्या की, या मुलीला अभिनय जमणार नाही, असा निर्वाळा शिक्षकांनी दिला आणि त्या घरी परतल्या. तरीही काही काळाने त्या पुन्हा न्यूयॉर्कला गेल्या आणि हॅटी कार्नेगी या प्रसिद्ध वेशभूषाकारांकडे मॉडेल म्हणून काम करू लागल्या. तिथे जम बसत असतानाच सांध्यांच्या दुखण्याने त्यांना गाठले. त्यातून बरे होऊन पुन्हा नीट चालायला त्यांना दीर्घ काळ लागला.

हॉलिवूडमधील उमेदवारी

१९३३ मध्ये ‘रोमन स्कँडल्स’ या चित्रपटातील नृत्यांगनांच्या ताफ्यात त्यांची निवड झाली आणि त्या हॉलिवूडला गेल्या. या ताफ्यातल्या बहुतेक मुलींना आपण सुंदर दिसावे एवढीच काळजी असे. अंगावर चिखल उडवून घ्यायला किंवा पडून दाखवायला लुसिल आपणहून पुढे होत. दिसण्याची पर्वा न करता हास्यास्पद व्हायची ही तयारी पुढे त्यांचे मोठे बळ ठरली.

तीसच्या दशकात त्या आरकेओ स्टुडिओत करारावर होत्या. जिंजर रॉजर्स यांच्या आई लीला रॉजर्स या स्टुडिओतल्या नवोदितांना अभिनय शिकवत. लुसिल त्यांच्या वर्गाला जात आणि मिळेल ती भूमिका करत. ‘स्टेज डोअर’ (१९३७) या चित्रपटात कॅथरिन हेपबर्न आणि जिंजर रॉजर्स यांच्यासोबत त्यांना बऱ्यापैकी भूमिका मिळाली. ‘रूम सर्व्हिस’मध्ये (१९३८) त्या मार्क्स बंधूंबरोबर होत्या. पण कमी खर्चाच्या चित्रपटांची राणी, यापलीकडे त्यांची ओळख गेली नाही. ‘द बिग स्ट्रीट’ (१९४२) मध्ये हेन्री फोंडा यांच्यासमोर त्यांनी गंभीर भूमिका ताकदीने उभी केली. पुढे एमजीएम स्टुडिओत ‘डुबारी वॉज अ लेडी’साठी (१९४३) त्यांचे केस भडक तांबूस-लाल रंगवण्यात आले. तो रंग त्यांच्या रूपाशी कायमचा जोडला गेला, जरी ज्या मालिकेने त्यांना कीर्ती दिली ती कृष्णधवल होती.

एमजीएममध्ये त्यांना आणखी एक मोलाची गोष्ट मिळाली. मूकपटांच्या काळातील थोर विनोदवीर बस्टर कीटन तेव्हा तिथे विनोदी प्रसंग रचण्याच्या कामावर होते. हातातली वस्तू हीसुद्धा विनोदातली जोडीदार असते, तेव्हा तिची पूर्ण ओळख करून घ्या, हा धडा लुसिल त्यांच्याकडून शिकल्या. छत्री असो, शिडी असो की कणकेचा गोळा, प्रेक्षकांसमोर जाण्यापूर्वी ती वस्तू पुन्हापुन्हा हाताळून पाहायची, ही सवय त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

डेझी आर्नाझ आणि मालिकेचा जन्म

१९४० मध्ये ‘टू मेनी गर्ल्स’ या चित्रपटाच्या वेळी त्यांची डेझी आर्नाझ यांच्याशी ओळख झाली. आर्नाझ त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. त्यांचे वडील क्यूबातील सांतियागो शहराचे महापौर होते. १९३३ च्या क्रांतीत या कुटुंबाचे सर्वस्व गेले आणि ते अमेरिकेत आले. डेझी गायक आणि वाद्यवृंदाचे प्रमुख म्हणून नावारूपाला आले होते. ३० नोव्हेंबर १९४० रोजी दोघांनी लग्न केले. पण डेझी सतत वाद्यवृंद घेऊन दौऱ्यावर आणि लुसिल स्टुडिओत, अशी संसाराची ओढाताण होत राहिली.

१९४८ मध्ये लुसिल यांना सीबीएस रेडिओवर ‘माय फेव्हरिट हजबंड’ ही विनोदी श्रुतिका-मालिका मिळाली. जेस ओपनहायमर, मॅडलिन प्यू आणि बॉब कॅरोल ज्युनियर हे लेखक त्यांना इथेच भेटले. ध्वनिमुद्रणाला प्रेक्षक हजर असत. त्यांच्या प्रतिसादाने लुसिल यांचा अभिनय खुलतो, हे सर्वांच्या लक्षात आले. कार्यक्रम टीव्हीवर आणायचे ठरले, तेव्हा पडद्यावरचा नवरा डेझीच असला पाहिजे, अशी अट लुसिल यांनी घातली. स्पॅनिश वळणाचे इंग्रजी बोलणारा क्यूबन नवरा अमेरिकन प्रेक्षक स्वीकारणार नाहीत, अशी वाहिनीला धास्ती होती. तेव्हा १९५० मध्ये दोघांनी विनोदी प्रवेश बसवून त्यांचा दौरा केला आणि लोकांना ही जोडी आवडते, हे प्रयोगांतूनच दाखवून दिले. त्याच वर्षी दोघांच्या नावांतील अक्षरे जोडून ‘डेझिलू’ ही निर्मितीसंस्था उभी राहिली.

तीन कॅमेरे आणि एक करार

त्या काळी बहुतेक टीव्ही कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत. दूरच्या भागांसाठी कार्यक्रम चालू असताना टीव्हीच्या पडद्याचेच फिल्मवर चित्रण केले जाई. त्याला किनेस्कोप म्हणत आणि त्यातले चित्र पुसट, धुरकट दिसे. बहुसंख्य प्रेक्षक पूर्वेकडे होते. कार्यक्रम लॉस एंजेलिसहून झाला, तर त्यांनी असले चित्र पाहावे हे प्रायोजक असलेल्या फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीला मान्य नव्हते. लुसिल आणि डेझी यांना तर लॉस एंजेलिस सोडायचे नव्हते. यावर डेझी यांनी तोडगा सुचवला : मालिका थेट प्रक्षेपित न करता चित्रपटाप्रमाणे ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित करायची, तीही प्रेक्षकांसमोर. त्यासाठी येणाऱ्या जादा खर्चापोटी या जोडप्याने आठवड्याला एक हजार डॉलर कमी मानधन घेतले आणि त्या बदल्यात चित्रित झालेल्या भागांची मालकी मागितली. एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा कोण पाहणार, असा तेव्हाचा समज असल्याने वाहिनीने ती देऊन टाकली. टीव्हीच्या व्यवसायातला हा फार दूरगामी परिणामांचा करार ठरला.

तंत्राची जबाबदारी कार्ल फ्रॉइंड यांनी उचलली. ‘मेट्रोपोलिस’ या गाजलेल्या जर्मन मूकपटाच्या छायालेखनात त्यांचा मोठा वाटा होता. चित्रपटात कॅमेऱ्याची जागा बदलली की दिवे नव्याने लावायचे, अशी रीत असे. इथे तीन कॅमेरे एकाच वेळी चालणार, एक दृश्य दुरून टिपणार आणि बाकीचे जवळून. मध्येच थांबून दिवे हलवणे शक्य नव्हते. फ्रॉइंड यांनी बहुतेक दिवे वर टांगले आणि कुठूनही पाहिले तरी चालेल असा सारखा, सपाट प्रकाश दिला. टीव्हीच्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्याचा विरोध भडक होऊ नये म्हणून सेट राखाडीच्या वेगवेगळ्या छटांत रंगवले. दिवाणखाना, स्वयंपाकघर, क्लब असे सेट शेजारी-शेजारी उभारले आणि गुळगुळीत जमिनीवरून कॅमेरे एका सेटवरून दुसऱ्याकडे सरकू लागले. समोर सुमारे ३०० प्रेक्षकांच्या बसण्याची सोय होती. चित्रीकरण नाटकाच्या प्रयोगासारखे जवळजवळ सलग होई. ऐकू येणारे हसू त्या प्रेक्षकांचे असे, आणि बहुतेक वेळा त्यांत लुसिल यांच्या आईही बसलेल्या असत.

लुसीचे जग

मालिकेची कल्पना साधी होती. न्यूयॉर्कमधल्या एका भाड्याच्या घरात लुसी रिकार्डो ही गृहिणी आणि क्लबमध्ये गाणारा तिचा क्यूबन नवरा रिकी राहतात. घरमालक फ्रेड आणि एथेल मर्ट्झ त्यांचे जिवलग शेजारी. त्या भूमिका विल्यम फ्रॉली आणि व्हिव्हियन व्हॅन्स यांनी केल्या. लुसीला रंगमंचावर चमकायची अनावर हौस असते, तर बायकोने घर सांभाळावे असे रिकीला वाटते. ती एक बेत रचते, एथेलला त्यात ओढते, बेत फसतो आणि ती तो सावरायला जाऊन गोंधळ आणखी वाढवते. प्रत्येक पायरीवर लुसीचा निर्णय तिच्या दृष्टीने अगदी शहाणपणाचा असतो, म्हणूनच शेवटचा अनर्थ कितीही अचाट असला तरी प्रेक्षकाला पटतो.

१५ सप्टेंबर १९५२ रोजी दाखवलेला ‘जॉब स्विचिंग’ हा भाग याचा उत्तम नमुना आहे. पुरुष घर सांभाळतात आणि लुसी-एथेल चॉकलेटच्या कारखान्यात नोकरीला लागतात. सरकत्या पट्ट्यावरून येणारे प्रत्येक चॉकलेट कागदात गुंडाळायचे. एक जरी तसेच पुढे गेले तर नोकरी गेली, अशी तंबी त्यांना मिळते. सुरुवातीला पट्टा हळू चालतो आणि दोघी खुशीत असतात. वेग वाढतो. दोन-चार चॉकलेटे सुटू लागतात, म्हणून त्या ती उचलून बाजूला ठेवतात, मग तोंडात कोंबतात, मग टोपीत आणि पोलक्यात दडवतात. देखरेख करणारी बाई येते, तेव्हा रिकामा पट्टा पाहून त्या काम उत्तम करतात असे तिला वाटते आणि ती पट्ट्याचा वेग आणखी वाढवायला सांगते. या प्रवेशात संवाद नावापुरते आहेत. फुगलेले गाल, मोठे झालेले डोळे आणि थांबता न येणारे हात एवढ्यावर तो उभा आहे. लुसिल यांची मूकपटाच्या परंपरेशी असलेली नाळ इथे स्पष्ट दिसते.

५ मे १९५२ च्या भागात लुसी एका शक्तिवर्धक औषधाची जाहिरात करते. औषधात मद्यार्काचे प्रमाण भरपूर आहे, हे तिला ठाऊक नसते. प्रत्येक तालमीला एक चमचा घ्यायचा असतो. पहिल्या चमच्याला चेहरा वेडावाकडा होतो, पुढच्याला चव बरी वाटू लागते, मग औषधाचे लांबलचक नाव जिभेवर अडखळू लागते. तोच मजकूर लुसिल पुन्हापुन्हा म्हणतात आणि दर वेळी नशा नेमकी एका पायरीने चढते. १९५६ मधील इटलीच्या भागात त्या वाइनसाठी द्राक्षे तुडवण्याच्या हौदात उतरतात आणि तिथे काम करणाऱ्या बाईशी त्यांची झटापट होते.

हे सारे उत्स्फूर्त वाटत असले, तरी शब्द आणि हालचाल संहितेत आधीच लिहिलेली असे. मॅडलिन प्यू अवघड कसरती लिहिण्यापूर्वी स्वतः करून पाहत. चित्रीकरणापूर्वी आठवडाभर तालीम चाले आणि एखादी कृती अंगवळणी पडेपर्यंत लुसिल ती सोडत नसत. सहकलाकारांशी त्या कडक वागत, असेही अनेकांनी सांगितले आहे. आपल्याला विनोद सुचत नाही, तो लेखकांचा असतो, असे त्या मोकळेपणाने म्हणत. लिहिलेल्या गोष्टीवर स्वतः पूर्ण विश्वास ठेवून ती करणे, हे त्यांचे कौशल्य होते.

बाळाचा जन्म आणि साम्यवादाचा आरोप

मालिका सुरू होण्यापूर्वी, जुलै १९५१ मध्ये त्यांना लुसी ही मुलगी झाली होती. १९५२ मध्ये पुन्हा दिवस गेले, तेव्हा मालिका थांबवायची की काय, असा प्रश्न उभा राहिला. त्या काळी टीव्हीवर गर्भवती स्त्री दाखवणे अप्रशस्त मानले जाई. जोडप्याने आणि ओपनहायमर यांनी ही घटना कथेतच घ्यायचे ठरवले. वाहिनीने ‘गरोदर’ हा शब्द वापरू दिला नाही, आणि संहिता कॅथलिक, प्रोटेस्टंट व ज्यू अशा तिन्ही धर्मगुरूंकडून तपासून घेतल्या गेल्या. १९ जानेवारी १९५३ रोजी लुसी रिकार्डोच्या बाळंतपणाचा भाग दाखवला गेला, आणि त्याच दिवशी शस्त्रक्रियेने डेझी आर्नाझ ज्युनियर यांचा जन्म झाला. सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी तो भाग पाहिला. दुसऱ्या दिवशी झालेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या शपथविधीला याहून कमी प्रेक्षक होते. ‘टीव्ही गाइड’ या साप्ताहिकाच्या पहिल्या देशव्यापी अंकाच्या मुखपृष्ठावर हे बाळ झळकले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वेगळेच वादळ उठले. साम्यवाद्यांच्या शोधाने अमेरिकेत तेव्हा अनेक कलावंतांची कारकीर्द संपवली होती. १९३६ मध्ये लुसिल यांनी मतदार नोंदणी करताना कम्युनिस्ट पक्षाचे नाव दिले होते, ही गोष्ट बाहेर आली. कामगारांविषयी कळवळा असलेल्या आजोबांच्या समाधानासाठी आपण तसे केले होते, असे त्यांनी चौकशीत सांगितले, आणि त्यांना निर्दोष ठरवण्यात आले. बातमी फुटल्यानंतरच्या पहिल्याच चित्रीकरणाला डेझी यांनी प्रेक्षकांसमोर येऊन सारी हकिगत मांडली. प्रेक्षकांनी टाळ्यांनी लुसिल यांचे स्वागत केले. प्रायोजकही त्यांच्या पाठीशी राहिला.

स्टुडिओची सूत्रे

‘आय लव्ह लुसी’ सहा वर्षे चालली आणि त्यांपैकी चार वर्षे ती देशात पहिल्या क्रमांकावर होती. १८० भागांनंतर, मे १९५७ मध्ये, लोकप्रियता शिखरावर असतानाच ती थांबली. जुन्या भागांचे पुनःप्रक्षेपण लोक आवडीने पाहतात, हे एव्हाना सिद्ध झाले होते. सीबीएसने ते भाग लक्षावधी डॉलर देऊन विकत घेतले. त्याच वर्षी डेझिलूने आरकेओचे स्टुडिओ खरेदी केले. जिथे लुसिल कधी काळी करारावरच्या साध्या नटी होत्या, त्या जागेच्या त्या आता सहमालक झाल्या.

संसार मात्र टिकला नाही. डेझी यांचे मद्यपान आणि बाहेरख्यालीपणा यांमुळे १९६० मध्ये घटस्फोट झाला. १९६१ मध्ये लुसिल यांनी विनोदी कलाकार गॅरी मॉर्टन यांच्याशी विवाह केला. १९६२ मध्ये त्यांनी डेझी यांचा हिस्सा विकत घेतला आणि त्या डेझिलूच्या अध्यक्ष झाल्या. इतक्या मोठ्या हॉलिवूड स्टुडिओची धुरा सांभाळणारी स्त्री तोवर टीव्हीच्या व्यवसायाने पाहिली नव्हती. त्यांच्या कारकिर्दीत ‘स्टार ट्रेक’ आणि ‘मिशन : इम्पॉसिबल’ या दोन खर्चिक मालिका १९६६ मध्ये सुरू झाल्या. ‘स्टार ट्रेक’चा पहिला नमुना-भाग वाहिनीने नाकारला होता. संचालकांना खर्चाची चिंता असतानाही लुसिल यांनी या मालिकेला पाठिंबा दिला. १९६७ मध्ये त्यांनी १ कोटी ७० लाख डॉलरना डेझिलू विकली आणि ती पुढे पॅरामाउंटच्या टीव्ही विभागात विलीन झाली.

उत्तरायुष्य

अभिनय चालूच होता. ‘द लुसी शो’ (१९६२ ते १९६८) मध्ये त्या दोन मुलांची विधवा आई होत्या आणि व्हिव्हियन व्हॅन्स घटस्फोटित मैत्रीण. ‘हिअर्स लुसी’ (१९६८ ते १९७४) मध्ये त्यांची खरी मुले पडद्यावरही मुलांच्या भूमिकेत होती. १९८५ मध्ये ‘स्टोन पिलो’ या टीव्ही चित्रपटात त्यांनी रस्त्यावर राहणाऱ्या वृद्धेची गंभीर भूमिका केली. पुढच्या वर्षीची ‘लाइफ विथ लुसी’ ही मालिका मात्र अवघे आठ भाग दाखवून बंद करण्यात आली. पंचाहत्तरीच्या अभिनेत्रीच्या जुन्या धर्तीच्या कसरती पाहताना प्रेक्षकांना हसण्याऐवजी काळजी वाटू लागली होती. हे अपयश त्यांना फार लागले. त्याच डिसेंबरमध्ये डेझी आर्नाझ यांचे निधन झाले.

त्यांना स्पर्धेतले चार एमी पुरस्कार मिळाले. २६ एप्रिल १९८९ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, महारोहिणी फुटून लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी अमेरिकेचे ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ त्यांना मरणोत्तर देण्यात आले.

योगदान

आजच्या नजरेला या मालिकेतल्या काही गोष्टी खटकतात. रिकी बायकोकडे घरखर्चाचा हिशेब मागतो, रागावतो, क्वचित तिला लहान मुलासारखी शिक्षाही करतो. आणि लुसीचे घराबाहेर पडण्याचे जवळजवळ सगळे प्रयत्न तिला पुन्हा स्वयंपाकघरात आणून सोडतात. पन्नासच्या दशकातल्या अमेरिकन समाजाचे हे प्रतिबिंब आहे. पण लुसी एकदाही हार मानत नाही. पुढच्या आठवड्यात ती नवा बेत घेऊन उभी राहते. तिला साकारणारी स्त्री त्या वेळी स्वतःची निर्मितीसंस्था उभारत होती, ही गोष्टही या मालिकेचे मोल ठरवताना ध्यानात घ्यावी लागते.

त्यांच्या कामाचा ठसा दोन ठिकाणी उमटला. कॅरल बर्नेट यांच्यासारख्या पुढच्या पिढीतील अभिनेत्रींना अंगविक्षेपांचा, पडण्याझडण्याचा विनोद मध्यवर्ती भूमिकेत राहून करण्याची वाट मोकळी झाली. दुसरीकडे, थेट प्रक्षेपणाबरोबर विरून जाणारा टीव्हीचा विनोद फिल्मवर टिकून राहिला आणि पुनःप्रक्षेपणाचा व्यवसाय जन्माला आला. शेजारी-शेजारी उभे सेट, समोर प्रेक्षक आणि एकाच वेळी चालणारे अनेक कॅमेरे ही रचना आजही अनेक विनोदी मालिका वापरतात. जेम्सटाउनमध्ये त्यांच्या आणि डेझी यांच्या नावाचे संग्रहालय आहे, आणि २०१८ मध्ये त्याच गावात विनोदाच्या इतिहासाला वाहिलेले राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. चॉकलेटच्या कारखान्यातील तो प्रवेश आज सत्तरहून अधिक वर्षांनीही भाषा न कळणाऱ्या प्रेक्षकाला हसवतो, आणि आठवडाभर घोटून घेतलेल्या तालमीचे चीज झाल्याची तीच खरी पावती आहे.